ऐसपैस

शशांक म्हणतो, पडदे जांभळे होते.
वासंती म्हणते, पडदे नव्हतेच,
आईने पहिल्याच रात्री ओढून काढले
आणि त्यांची पायपुसणीसुद्धा होऊ दिली नाहीत.
मला आठवतात नुसत्या पितळी कड्या,
वळणावर एकमेकींवर आपटणाऱ्या.

नव्वद पौंडांना घेतली बाबांनी,
ड्यूजबरीच्या एका अंडरटेकरकडून.
काळी ऑस्टिन. मोरीपासून फाटकापर्यंत लांब.
चहूबाजूंनी काच, मागे लाकडी तळ,
तळात रबरी रूळ, ओळीने,
म्हणजे जे ठेवायचं ते अलगद आत सरकावं.
बाबा म्हणाले, ऐसपैस आहे.
सोलापूरच्या गिरणीतून हडर्सफील्डच्या गिरणीत आलेला माणूस,
त्याला दिसलं ते एवढंच :
पाच माणसं, एक गाडी,
आणि इंजिन असं, की जन्मात
कुणी त्याला घाई केलेली नाही.

आई महिनाभर बसली नाही.
मग जत्रेत चेंडू मारून शशांकने जिंकलेला नारळ
तिने पुढच्या चाकापाशी फोडला,
बॉनेटला कुंकू लावलं, पुढच्या सीटवर बसली,
आणि जितकी वर्षं ती गाडी होती
तितकी वर्षं मागे वळून पाहिलं नाही.
आम्ही भांडलो तरी समोर बघूनच ओरडायची.

रस्त्यावरचे म्हातारे थांबत, टोप्या काढत.
एकदा भर चौकात बसवाल्याने वाट दिली.
बाबा प्रत्येकाला हात उचलून नमस्कार करत.
'अदबशीर लोक हो. उगाच नावं ठेवतात यांना.'
त्यांना खरंच कळलं नव्हतं,
की कळूनच हात उचलत होते,
यावर तिघांचं अजून एकमत नाही.

शनिवारी ब्रॅडफर्डहून तांदूळ यायचा, डाळी यायच्या,
आणि आम्ही, पोत्यांशेजारी आडवे.
ब्रेक लागला की रुळांवरून सगळे पुढे, तूरडाळीसकट,
चढ लागला की मागच्या दारापर्यंत मागे.
बूट काढून चढायचं, हा आईचा नियम.
का, ते तिने कधी सांगितलं नाही.
उताणं पडलं की काचेतून आभाळ,
तारा, धुराडी, पुन्हा आभाळ.
मधली जागा कुणाची, यावरून मारामाऱ्या.
माझी होती.
दोघंही हे कबूल करत नाहीत.

शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मी उतरायची.
वासंती थेट फाटकाशी.
केव्हिनने विचारलं, मेलं कोण?
ती सहा वर्षांची. म्हणाली,
रोज वेगळं कुणीतरी.

पुढे गाडीचं काय झालं?
लीड्सच्या बँडवाल्या पोरांनी नेली, असं शशांक.
भंगारात गेली, असं वासंती.
मला एक रिकामी जागा आठवते, अंगणात,
पावसाने चहूकडे भिजलेलं आणि मधे
एक लांब कोरडा चौकोन.
बाबांना विचारायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत आली ती राखाडी, नवीकोरी.
हातमोजे घातलेल्या माणसाने मागचं दार उघडलं
आणि आम्ही तिघं, साठीच्या आसपासचे,
सवयीने पुढे झालो.
वासंतीने तर एक बूट काढलासुद्धा.
तो माणूस हळूच म्हणाला,
तुमची गाडी मागे आहे.

रूळ आता स्टीलचे असतात.
आवाज येत नाही.

आई कुणाचंही न ऐकता
पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली,
पट्टा लावून, मांडीवर पर्स.
तेव्हाही वळली नाही.
कोपऱ्यावर सायकलवाला एक पोरगा थांबला,
त्याने डोक्यावरचं हूड मागे सारलं.
मागच्या गाडीतून आम्हाला दिसलं :
पुढच्या काचेत
आईचा हात किंचित वर झाला.
वासंती म्हणते, ती पदर सावरत होती.